हुआन रामोन हिमेनेस : जन्मभर आपल्याच कविता पुन्हा लिहिणारा कवी

शांतसागर (धागालेखक)

स्पॅनिश कविता म्हटलं की आपल्याकडे दोन नावं पटकन निघतात, लोर्का आणि नेरुदा. लोर्काच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानलं आणि नेरुदाशी ज्याचं उघड वैर होतं, त्या हुआन रामोन हिमेनेसबद्दल मराठीत फारसं बोललं जात नाही. १९५६ चं साहित्याचं नोबेल त्याचं. त्याच्या वाचकांना आडनावाची गरज पडत नाही, नुसतं 'हुआन रामोन' म्हटलं की पुरतं. त्याच्या आयुष्याबद्दल थोडं सांगतो. मग एका प्रश्नावर इथल्या कविताप्रेमींनी बोलावं अशी इच्छा आहे: छापून लोकांच्या हाती गेलेली कविता कवीने किती वेळा बदलावी?

जन्म २३ डिसेंबर १८८१ चा, मोगेरचा. अंदालुसियाच्या पश्चिम टोकाला, वेल्वा प्रांतात, रिओ तिंतो नदीकाठचं हे पांढऱ्याशुभ्र घरांचं गाव. शेजारच्या पालोसहून कोलंबसची गलबतं सुटली होती. वडिलांचा वाइनचा मोठा धंदा. जेझुइटांच्या शाळेत शिक्षण झालं, मग वडिलांच्या आग्रहाने कायदा शिकायला सेव्हियाला रवानगी झाली. तिथे तो चित्रं काढत बसला, कविता लिहायला लागला आणि कायदा अर्धवट राहिला. पुढे चित्रकलाही मागे पडली, पण चित्रकाराची नजर गेली नाही. त्याच्या सुरुवातीच्या कवितांत पिवळा, जांभळा, पांढरा हे रंग शोधावे लागत नाहीत.

१९०० साली, अठराव्या वर्षी तो माद्रिदला आला. बोलावणारे होते कवी व्हिल्याएस्पेसा आणि रुबेन दारिओ. दारिओ निकाराग्वाचा. त्याच्या १८८८ च्या 'आसुल' या पुस्तकापासून स्पॅनिश मोदेर्निस्मोची सुरुवात धरतात. मराठी वाचकाला आधुनिकतावाद म्हटलं की मर्ढेकर आठवतात. हे प्रकरण त्याच्या बरंच आधीचं आणि वेगळ्या प्रकृतीचं. फ्रेंच प्रतीकवाद्यांकडून घेतलेली नादाची ओढ, हंस, तळी, ओसाड बागा, नवनवी वृत्तं. एकेकाळच्या वसाहतीतला कवी येतो आणि स्पेनच्या थकलेल्या कवितेला नवं संगीत देतो, ही त्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट.

त्याच वर्षी हुआन रामोनची दोन पुस्तकं एकदम निघाली, 'निन्फेआस' आणि 'आल्मास दे व्हिओलेता'. एक हिरव्या शाईत छापलेलं, दुसरं जांभळ्या. पहिल्याचं नाव लेखक व्हाये-इंक्लानने सुचवलं होतं, दुसऱ्याचं दारिओने. पुढे त्याला या पुस्तकांची इतकी लाज वाटू लागली की मिळतील तिथून प्रती गोळा करून तो नष्ट करत असे.

त्याच उन्हाळ्यात वडील अचानक गेले. आपणही असेच एका क्षणात जाऊ ही भीती तेव्हा जी मनात बसली ती आयुष्यभर सुटली नाही. राहत्या जागेपासून डॉक्टर किती लांब, हा त्याचा कायमचा प्रश्न. १९०१ मध्ये त्याला फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मनोरुग्णालयात ठेवलं, नंतर माद्रिदच्या रोसारिओ आरोग्यधामात. या काळातलं 'आरिआस त्रिस्तेस' १९०३ चं. आठ अक्षरांच्या साध्या लोकछंदात लिहिलेल्या उदास कविता: संध्याकाळ, चंद्र, दूरवर वाजणारी बासरी, रिकामी वाट. दारिओचा थाट यात उतरलेला दिसतो आणि मागे एक हळवा, एकटा मुलगा उरतो.

१९०५ ते १९१२ तो पुन्हा मोगेरला राहिला. घरचा धंदा बुडत होता. तो एकामागून एक संग्रह लिहीत होता, आणि त्याच वर्षांत एका रुपेरी गाढवाशी बोलत लिहिलेली गद्य टिपणं साठत होती. त्यांचं निवडक 'प्लातेरो आणि मी' १९१४ मध्ये निघालं, संपूर्ण १९१७ मध्ये.

१९१३ मध्ये माद्रिदच्या रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस या विद्यार्थिनिवासात एका व्याख्यानाच्या वेळी त्याला सेनोबिया काम्प्रुबी भेटली. आई पोर्तो रिकोची, काही वर्षं अमेरिकेत काढलेली, उत्तम इंग्रजी, हसरी, कामसू. त्याच्या सगळ्या बाबतींत उलट. तिच्या आईला हा आजारी कवी जावई म्हणून मुळीच नको होता. दोघं जवळ आली ती रवींद्रनाथांच्या पुस्तकावर काम करताना. 'द क्रेसेंट मून'चं तिने इंग्रजीवरून स्पॅनिश केलं, त्याने त्या स्पॅनिशला लय दिली. १९१५ मध्ये पुस्तक निघालं.

सेनोबिया अमेरिकेला गेली, तो मागोमाग निघाला. जानेवारी १९१६ च्या अखेरीस कादिसहून बोट सुटली, २ मार्चला न्यू यॉर्कमध्ये लग्न झालं. तो अटलांटिकवर असतानाच ६ फेब्रुवारीला तिकडे निकाराग्वात दारिओ वारला. या जाण्यायेण्याच्या प्रवासात लिहिलेलं पुस्तक म्हणजे 'नवविवाहित कवीची रोजनिशी' (१९१७). माझ्या मते विसाव्या शतकातली स्पॅनिश कविता इथून सुरू होते. यमकं गेली, ठरलेली वृत्तं गेली, बागा आणि कारंजी गेली. समोर नुसता समुद्र आहे, रोज वेगळा, आणि त्याला काय म्हणावं हे कवीला रोज नव्याने ठरवावं लागतं. मधल्या भागात न्यू यॉर्कची गद्य टिपणं आहेत: भुयारी रेल्वेत पांढरा गुलाब हातात धरून झोपी गेलेली काळी स्त्री, गल्लीबोळांतली दफनभूमी, आणि ब्रॉडवेवर विजेच्या जाहिरातींच्या गर्दीत वर दिसलेला चंद्र. हा चंद्र आहे की चंद्राची जाहिरात, असा प्रश्न विचारून ते टिपण संपतं.

त्यानंतर १९१८ चं 'एतेर्निदादेस'. त्यातल्या एका छोट्या कवितेत त्याने आपला सगळा प्रवास सांगून टाकला आहे. कविता आधी त्याच्याकडे निरागस वेशात आली आणि त्याने तिच्यावर मुलाचं प्रेम केलं. मग ती नाना वस्त्रं लेऊ लागली, तो नकळत तिचा द्वेष करू लागला. ती दागिन्यांनी मढलेली राणी झाली, तो कडवट झाला. मग तिने एकेक वस्त्र उतरवायला सुरुवात केली आणि तो पुन्हा हसला. शेवटी ती पूर्ण विवस्त्र, कायमची त्याची. दारिओचा मोदेर्निस्मो कसा आला आणि कसा गेला, याची याहून नेमकी हकिगत मी वाचलेली नाही.

१९१९ च्या 'पिएद्रा इ सिएलो'ची पहिली कविता एका वाक्याची आहे. आता याला आणखी हात लावू नकोस, गुलाब असाच असतो, एवढंच ती सांगते. आणि हे लिहिणारा माणूस मरेपर्यंत आपल्या जुन्या कवितांना हात लावत राहिला. तो आपल्या सगळ्या लेखनाला मिळून 'ओब्रा', काम, असं एकवचनी म्हणायचा. ते काम कधी पुरं झालंच नाही. १९२२ च्या निवडक संग्रहात त्याने तरुणपणच्या कविता घासूनपुसून, काही तर ओळखू येणार नाहीत इतक्या बदलून घातल्या. पुढे त्याही बदलल्या. हे बरोबर केलं का?

---

रानजाई

शांतसागर, फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे.

मी त्याचं फक्त 'प्लातेरो' वाचलंय, इंग्रजीतून. लहान मुलांचं पुस्तक म्हणून हातात आलं होतं. सुरुवात तशीच आहे, कापसासारखं मऊ गाढव, काळ्या स्फटिकाच्या भुंग्यांसारखे डोळे. पण पुढे काय काय आहे! क्षयाने खंगलेली मुलगी, दारात खुर्चीवर बसून राहणारा मतिमंद मुलगा आणि एक दिवस ती खुर्ची रिकामी, खरजेचं कुत्रं गोळी घालून मारलेलं, म्हातारी पांढरी घोडी पोरांनी दगडांनी ठेचलेली. मुलीला वाचून दाखवताना मी मध्येच थांबले. हे त्याने खरंच मुलांसाठी लिहिलं होतं का?

---

शांतसागर

रानजाई, नाही. सुरुवातीला त्याने मोठ्यांना उद्देशून एक सूचना घातली आहे. आनंद आणि दुःख प्लातेरोच्या दोन कानांसारखी जुळी असलेलं हे पुस्तक कुणासाठी लिहिलं ते मला काय ठाऊक, असं तो त्यात म्हणतो. मुलांसाठी म्हणून छापायचं ठरल्यावर त्याने त्यातला स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. इतर सगळं बदलणाऱ्या माणसाने हे करावं, याला वजन आहे.

माझं आवडतं प्रकरण नदीचं. मोगेरची रिओ तिंतो वरच्या अंगाच्या तांब्याच्या खाणींनी नासली. गाळ साचला, पाणी विषारी झालं, मोठी गलबतं वाइन न्यायला यायची ती बंद झाली आणि कोळ्यांच्या होड्या कुजत पडल्या. हे सगळं तो गाढवाला दाखवतो आहे, एखाद पानात. ज्याला लोक हस्तिदंती मनोऱ्यातला कवी म्हणतात त्याने हे १९१४ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. आज मोगेरच्या रस्त्यांवर घरांच्या भिंतींवर 'प्लातेरो'मधले उतारे रंगीत फरश्यांवर लावलेले आहेत.

---

कृष्णाकाठ

लेख उत्तम. प्रश्नाचं माझं उत्तर मात्र सरळ 'नाही' असं आहे.

विशीतल्या मुलाने आरोग्यधामाच्या खिडकीशी बसून जे लिहिलं ते त्या मुलाचं आहे. चाळिशीतल्या कीर्तिमान कवीला त्यावर हक्क नाही. 'आरिआस त्रिस्तेस'मध्ये एकच चाल पुन्हा पुन्हा येते, तीच संध्याकाळ, तोच चंद्र. ती पुनरुक्ती म्हणजेच त्या पुस्तकाचा जीव आहे. आजारी माणसाचे दिवस असेच असतात. ती कापून, नेटकी करून हाती काय येतं? हुशार कविता येते. मला ती आधीची हवी.

शिवाय वाचकाचं काय? कुणीतरी १९०३ मध्ये ती कविता पाठ केली असेल. वीस वर्षांनी कवी येऊन सांगतो की तुझ्याजवळचं खोटं, हे घे खरं. हे मला पटत नाही. हिरव्या शाईची पुस्तकं जाळणं तर अजिबात नाही. वाईट कवितेलाही जगायचा हक्क आहे.

---

अक्षरवेल

कृष्णाकाठ यांच्याशी आदरपूर्वक असहमत.

हुआन रामोन बदल करतो तेव्हा तो नव्या फॅशनप्रमाणे जुन्याची डागडुजी करत नाही. ती कविता आपण आज नव्याने अनुभवतो आहोत, अशी त्याची धारणा होती. तो 'पुनर्लेखन' म्हणायचा नाही, 'पुन्हा जगणं' म्हणायचा. रोज सकाळी बसून सगळं आयुष्य एकदम हाताळण्याची ती रीत होती. गायक तीच बंदिश साठाव्या वर्षी वेगळी गातो, तेव्हा आपण जुनं ध्वनिमुद्रण खोटं ठरलं म्हणत नाही.

आणि तो स्वतःशीही कठोर होता. शेवटच्या वर्षांत त्याने आपल्या छंदोबद्ध कवितासुद्धा गद्यासारख्या सलग ओळींत मांडायला घेतल्या. त्याचं म्हणणं असं की आंधळ्या माणसाला कविता वाचून दाखवा. यमक सोडलं तर ओळ कुठे तुटली हे त्याला कळणार नाही. मग पानावर ती तोडायची कशाला? हे सलग रूपातलं 'लेयेन्दा' त्याच्या मृत्यूनंतर, १९७८ मध्ये निघालं.

लेखनपद्धतीचंही तेच. स्पॅनिशमध्ये काही ठिकाणी 'ग'चं अक्षर लिहून 'ख'चा उच्चार करतात. याने तिथे सरळ 'ख'चं अक्षर लिहायला सुरुवात केली आणि जन्मभर सोडलं नाही. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, नावांत, सगळीकडे. अकादमीचे नियम एका बाजूला आणि हा एकटा एका बाजूला. का, तर साधेपणाची आवड, निरुपयोगी गोष्टींचा तिटकारा. कवितेतून यमक काढणारा आणि शब्दातून फसवं अक्षर काढणारा माणूस एकच आहे, हे लक्षात घ्यायला हवं.

---

ओलीपानं

धागा वाचताना आनंद झाला आणि थोडा रागही आला. सेनोबिया लग्नापर्यंत येते आणि मग गायब होते. शांतसागर, तुमच्यावर राग नाही. तिच्याबद्दलच्या लिखाणात नेहमी हेच होतं, म्हणून.

या 'कामा'तलं काम कोण करत होतं ते बघा. त्याची हस्तलिखितं टाइप करणं, बांधून ठेवणं, प्रकाशकांशी पत्रव्यवहार, हिशेब, डॉक्टर, घर बदलणं, गाडी चालवणं. नवऱ्याला आवाज सहन व्हायचा नाही, म्हणून पाहुणे परतवणंही तिच्याकडेच. पैसे मिळवणंही बरंचसं तिच्याकडेच. माद्रिदमध्ये ती घरं भाड्याने घेऊन, सजवून परदेशी लोकांना द्यायची, लोककलेच्या वस्तूंचं दुकान चालवायची. १९२६ मध्ये सुरू झालेल्या स्त्रियांच्या लिसियम क्लबची ती पहिल्यापासूनची कार्यकर्ती. पुढे अमेरिकेत दोघांनीही शिकवलं. रवींद्रनाथांची वीसच्या आसपास पुस्तकं तिच्या नावावर आहेत. आणि हे सगळं १९३१ पासून कर्करोग अंगावर घेऊन.

तिच्या रोजनिश्या छापल्या आहेत, क्यूबापासून पोर्तो रिकोपर्यंतच्या. त्यात ती त्याच्यावर वैतागते, त्याच्या उदासीने दमते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागते. त्या वाचल्याशिवाय हुआन रामोनबद्दल शेवटचा शब्द बोलू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

नोबेलची बातमी आली २५ ऑक्टोबर १९५६ ला. तेव्हा ती सान हुआनच्या रुग्णालयात शेवटच्या घटका मोजत होती. बातमी तिला कळली. २८ तारखेला ती गेली. तो स्टॉकहोमला गेलाच नाही. पोर्तो रिको विद्यापीठाचे रेक्टर हाइमे बेनितेस यांनी त्याच्या वतीने पुरस्कार घेतला आणि त्याचा निरोप वाचून दाखवला, की या पुरस्काराची खरी मानकरी माझी पत्नी आहे. त्यानंतर त्याने जवळजवळ काही लिहिलं नाही. २९ मे १९५८ ला ती गेली त्याच रुग्णालयात तो गेला.

मग तुमच्या प्रश्नाला माझा उपप्रश्न: त्या हजारो दुरुस्त्या स्वच्छ उतरवून काढायला ती नसती, तर त्याने इतक्या वेळा बदललं असतं?

---

दूरदेशी

ओलीपानं, प्रतिसाद मनापासून आवडला. 

थोडी भर. मी मेरीलँडमध्ये राहते. इथल्या विद्यापीठात भाषाविभागांची इमारत 'हिमेनेस हॉल' आहे. दोघंही इथे शिकवत होती आणि जवळच रिव्हरडेलला त्यांचं घर होतं. नोबेलसाठी त्याचं नाव याच विद्यापीठाने पाठवलं होतं, आणि त्यामागे ग्रासिएला पालाउ दे नेमेस या प्राध्यापिकेचे कष्ट होते. सेनोबियाच्या रोजनिश्यांचं संपादनही पुढे त्यांनीच केलं. म्हणजे त्याचं नोबेल आणि तिचा आवाज, दोन्ही जगापुढे यायला एकच बाई कारण झाली. इमारतीत रोज येजा करणाऱ्यांना बहुतेक हे माहीत नसतं.

---

लालमाती

कवी मोठा असेल. पण 'नेहमी अल्पसंख्याकांसाठी', म्हणजे मूठभर वाचकांसाठी, अशी अर्पणपत्रिका लिहिणाऱ्या कवीबद्दल माझ्या मनात अढी आहे. स्पेनमध्ये १९३६ ला गावंच्या गावं मरत असताना असल्या शुद्ध, निव्वळ सौंदर्याच्या कवितेचं काय करायचं? नेरुदाने १९३५ मध्ये आपल्या मासिकात 'अशुद्ध' कवितेची बाजू मांडली: घाम, धूर, वापरलेल्या वस्तूंचे ओरखडे असलेली कविता. मला ते आजही बरोबर वाटतं.

---

शांतसागर

लालमाती, नेरुदाचं ते टिपण मलाही आवडतं, आणि त्याचा रोख हुआन रामोनकडे होता हेही खरं. हुआन रामोननेही उट्टं काढलं. नेरुदाला त्याने 'थोर वाईट कवी' म्हटलं. पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. १९४२ मध्ये, स्वतः अमेरिका खंडात काही वर्षं काढल्यावर, त्याने नेरुदाला जाहीर पत्र लिहिलं आणि आपलं मत बरंच मवाळ केलं. तुझ्या कवितेत या खंडाचा जो आवाज आहे तो मला तेव्हा ऐकू आला नव्हता, असा त्याचा आशय. मतं बदलायलाही तो कविता बदलण्याइतकाच तयार होता.

स्पेनच्या यादवी युद्धाबद्दल. जुलै १९३६ मध्ये लढाई पेटली तेव्हा तो पहिल्या दिवसापासून प्रजासत्ताकाच्या बाजूने होता. माद्रिदमध्ये दोघांनी निराधार मुलांना आपल्या एका घरात ठेवून सांभाळलं. ऑगस्टमध्ये प्रजासत्ताकाचा मानद सांस्कृतिक प्रतिनिधी म्हणून तो बाहेर पडला आणि जिवंतपणी परत गेला नाही. १९३९ मध्ये माद्रिद पडल्यावर त्याचं घर फोडलं गेलं. हस्तलिखितं, पत्रं, पुस्तकं पळवली गेली, आणि पळवणारे प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या फ्रँकोच्या बाजूचे लेखकच होते. त्याआधी, १९३८ मध्ये, त्याचा लाडका पुतण्या फ्रँकोच्या बाजूने लढताना तेरुएलच्या आघाडीवर मेला होता. दोन्ही बाजूंनी घरावर घाव बसलेल्या या माणसाला मनोऱ्यात राहणारा म्हणणं मला जड जातं. युद्धाबद्दलची त्याची टिपणं, कात्रणं, पत्रं 'स्पेनमधलं युद्ध' या नावाने १९८५ मध्ये निघाली.

अल्पसंख्याकांबद्दल: पुढे त्याने ती अर्पणपत्रिका 'अफाट अल्पसंख्याकांना' अशी केली. गावातला निरक्षर मजूरही नीट ऐकणारा असला तर तो त्यात येतो, असं त्याचं मत होतं. जन्माने मिळणाऱ्या खानदानीपणावर त्याचा विश्वास नव्हता.

---

बकुळ

रवींद्रनाथांच्या उल्लेखावर थांबले. मी बंगाली वाचते, म्हणून थोडी शंका. रवींद्रनाथांची मूळ कविता यमकाची, छंदाची, गाण्याची. सेनोबियासमोर होतं ते त्यांचं स्वतःचं इंग्रजी गद्य. म्हणजे हुआन रामोनवर प्रभाव पडलाच असेल तर तो इंग्रजी 'गीतांजली'चा, बंगालीचा नव्हे. आणि मुळात पडला का? की दोघं आपापल्या वाटेने एका ठिकाणी पोचले?

---

अक्षरवेल

बकुळताई, शंका योग्य आहे आणि 'बंगालीचा नव्हे' हे पूर्ण मान्य. पण वर्षं बघा. १९१५ मध्ये 'क्रेसेंट मून' हातात आहे. बोलण्याच्या जवळचं गद्य, तरीही कविता. आई आणि मूल यांच्यातलं साधं बोलणं. १९१६ मध्ये 'रोजनिशी' लिहिली जाते, आणि यमक एकाएकी गळतं. यमकाविना लय कशी धरायची, याचा रोजचा सराव त्याने दुसऱ्याच्या ओळींवर केला होता. यापलीकडे मी जाणार नाही. विषयांचा प्रभाव मला दिसत नाही. रवींद्रनाथांचा भक्तिभाव त्याच्याकडे त्या काळात नाही.

तो उशिरा येतो, आणि वेगळ्या रूपात. १९४८ मध्ये तो बोटीने अर्जेंटिनाला गेला. पुन्हा समुद्र. ब्युनोस आयर्सच्या बंदरावर लोक त्याच्या स्वागताला जमले होते. या प्रवासातून 'आनिमाल दे फोन्दो' (१९४९) आलं. त्यात एक देव आहे, ज्याला कवी शोधतो आणि जो कवीलाही शोधतो. तो आकाशात नाही, कवीच्या स्वतःच्या जाणिवेत आहे. कवितेनेच तो घडवलेला आहे. हे वाचताना आपल्यापैकी कित्येकांना संतांची आठवण होईल. मला वाटतं ती बाजूला ठेवून वाचावं. त्याची वाट त्याच्या भाषेतल्या सान हुआन दे ला क्रूस या सोळाव्या शतकातल्या गूढवादी कवीपासून निघते.

---

बकुळ

पटलं. रवींद्रनाथ १९२१ मध्ये स्पेनला येणार होते ना? जोडप्याने तयारीही केली होती असं वाचलं होतं.

---

ओलीपानं

हो, आणि आले नाहीत. इतकी वर्षं ज्यांच्या शब्दांसोबत राहिली त्यांना ती दोघं कधीच भेटली नाहीत.

---

कृष्णाकाठ

चर्चा छान रंगली. अक्षरवेल, बंदिशीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण गायक जुनी तबकडी फोडत नाही. माझा आक्षेप तेवढाच उरतो.

एक विनंती: कुणीतरी 'एस्पासिओ'वर लिहा. त्याची ती एक दीर्घ कविता आहे असं ऐकून आहे, आणि इथे नुसताच लहान कवितांचा विषय चालला आहे.

---

शांतसागर

कृष्णाकाठ, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच बरं की अभ्यासकांनी आता जुन्या आवृत्त्याही त्यांच्या पहिल्या रूपात पुन्हा छापल्या आहेत. 'निन्फेआस'सुद्धा वाचायला मिळतं.

'एस्पासिओ' तुमच्याच बाजूचा आणि विरुद्ध बाजूचाही पुरावा आहे. १९४१ मध्ये फ्लोरिडात, मोठ्या आजारातून उठल्यावर, त्या सपाट, क्षितिजापर्यंत उघड्या भूमीत त्याला एक सलग, न थांबणारी कविता सुचली. पहिले दोन खंड चाळिशीच्या दशकात मेक्सिकोतल्या एका नियतकालिकात मुक्तछंदाच्या ओळींत आले. १९५४ मध्ये तिन्ही खंड मिळून छापले तेव्हा सगळं गद्यासारखं सलग केलेलं होतं. शब्द तेच, पण वाचताना श्वास घ्यायला जागा नाही. मोगेरचा कुत्रा, न्यू यॉर्कचे पूल, फ्लोरिडाचा समुद्र, मेलेली माणसं, सेनोबिया, पक्षी, सगळं एकाच वाक्यातून वाहतं. तिसऱ्या खंडात समुद्रकिनाऱ्यावर एक खेकडा नांग्या उगारून त्याच्यासमोर उभा राहतो. तो त्याला पायाखाली चिरडतो आणि बघतो तर आत काहीच नाही, नुसतं पोकळ कवच. मग ती पोकळी हळूहळू कवीलाच व्यापते. जन्मभर मरणाला घाबरलेल्या माणसाने ते भय इतक्या साध्या प्रसंगात पकडलं आहे की मला ती कविता स्पॅनिशमधल्या शतकातल्या पहिल्या चार-पाचांत ठेवावीशी वाटते.

मला इथे ओळी काढून टाकणं पटतं. ओळींत मांडलेला पहिला खंड सुंदर आहे, पण सुंदर असल्याचं कळत राहतं. सलग मांडणीत ते कळायला वेळच मिळत नाही.

---

रानजाई

मी आता कुठून सुरुवात करू? स्पॅनिश मोडकंतोडकं येतं.

---

शांतसागर

'प्लातेरो' स्पॅनिशमधूनच पुन्हा घ्या, रोज एक प्रकरण. प्रकरणं लहान आहेत आणि भाषा वाटते तितकी कठीण नाही. अंदालुसियाचे काही स्थानिक शब्द अडतील, त्यासाठी टिपा असलेली आवृत्ती बघा. त्यानंतर 'एतेर्निदादेस'मधल्या चार-पाच ओळींच्या कविता. 'मी मी नाही, माझ्या शेजारून चालणारा, मला न दिसणारा तो मी आहे' अशा अर्थाची एक आहे, ती पहिल्या दिवशीच कळेल. 'रोजनिशी' मग, आणि ती क्रमाने वाचा, मधूनच उघडू नका. बोट सुटण्याच्या आधीचे दिवस वाचल्याशिवाय समुद्राचा धक्का बसत नाही. 'एस्पासिओ' सर्वांत शेवटी.

आणि मुलीसाठी पांढऱ्या घोडीचं प्रकरण सोडून द्या. कॅनरी पिंजऱ्यातून उडून जातो आणि दिवसभर बागेत हिंडून संध्याकाळी आपणहून परत येतो, ते वाचून दाखवा. त्यात मुलं आणि कुत्री आनंदाने वेडी होतात, आणि प्लातेरोही बागेत उड्या मारत सुटतो.